पालथ्या पेटीवर उभी राहिलेली माणसं

मित्रांनो, माझं नेमकं वय मलाही ठाऊक नाही. एवढं सांगते, की सुतारकाकांनी मला केलं तेव्हा शाळेत दोनच वर्ग होते आणि घंटेची दोरी नवी होती. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. दोन हात लांब, हातभर रुंद, दीड वीत उंच. शाळेच्या चॅपेलमधल्या, प्रार्थनेच्या मेणबत्त्या माझ्यात ठेवायच्या होत्या. तरीही काकांनी माझ्या कडा घासून घासून गोल केल्या. मेणबत्त्यांना काय टोचणार आहे, असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा काका म्हणाले की मेणबत्तीला नाही टोचलं तरी काढणाऱ्या हाताला टोचेल. असा माणूस आपल्याला घडवतो तेव्हा आयुष्याची निम्मी काळजी मिटते.

मेणबत्त्या सांभाळण्यात माझी पाच-सहा वर्षं सुखात गेली. मग शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्या अंगाने इतक्या लहान होत्या, की पाचवीतली मुलंही त्यांच्याहून उंच दिसायची. म्हणूनच की काय, सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचे.

मोठ्या सिस्टरनी आल्या आल्या एक नियम केला. सकाळच्या प्रार्थनेनंतर रोज एका मुलाने सगळ्या शाळेसमोर उभं राहून, स्वतः लिहिलेल्या पाच ओळी वाचायच्या. हुशार असो की ढ, पाळी कोणाची चुकायची नाही. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. वाचणारी मुलगी वाचनाच्या उंच मेजामागे अशी गडप झाली, की नुसत्या रिबिनी दिसत होत्या. सिस्टर तडक चॅपेलमध्ये आल्या, मेणबत्त्या खाली काढल्या, मला उचललं आणि मेजामागे नेऊन पालथी घातली. पालथ्या घड्यावर पाणी, असं लोक कुचेष्टेने म्हणतात. पण पालथ्या पेटीवर काय काय उभं राहिलं, ते माझ्याकडून ऐका.

चेहरे माझ्या वाट्याला येत नसत. मी माणसं ओळखते ती पायांवरून, आणि पाय सहसा थापा मारत नाहीत. वर तोंड हसत असलं तरी खाली पाचावर धारण बसलेली मला कळायची. एक मुलगा चढला की त्याचे गुडघे एकमेकांवर असे आपटायचे, की वाटावं आत कोणी डबा वाजवतंय. मी त्याचं नाव ठेवलं लटपट्या. दुसरा चढण्याआधी वाकून माझी फळी न् फळी बोटाच्या पेराने ठोकून बघायचा. माझ्यावर एवढा अविश्वास कोणी दाखवला नव्हता. तो तपासनीस. तिसरी उडी मारून यायची, पाच ओळी घडाघडा म्हणून तशीच उतरायची. तिला सगळी शाळा रेडिओ म्हणायची.

आणि चौथी मोटार. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. थंडीत जुनी मोटार जशी गुरगुरते पण हलत नाही, तसा तिचा शब्द ओठांवर येऊन अडायचा. मुलं निर्दय नसतात, पण कुणाची खोड सापडली की सोडतही नाहीत.

मोटारची पाळी आली तेव्हा ती सात वर्षांची होती. ती चवड्यांवर उभी होती आणि तिच्या पायांचा घाम माझ्या फळीत मुरत होता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, की माझे बाबा पाव भाजतात. 'माझे' निघालं. 'बाबा' निघेना. ब, ब, ब... मागच्या रांगेत कोणीतरी तोंडाने हॉर्न वाजवला. पुढे बसलेल्या रेडिओला राहवलं नाही. तिने हळूच म्हटलं, "बाबा. बाबा म्हण ना."

सिस्टरनी हात वर केला. हॉर्न थांबला.

"शब्द पुरवायचा नाही," त्या म्हणाल्या. "ज्याचा शब्द, त्यानेच आणायचा. आपण थांबायचं."

मग शाळा थांबली. एक मिनिट, दोन मिनिटं, चार. पहिल्या तासाची वेळ झाली, पण शिपाईकाका घंटेची दोरी हातात धरून तसेच उभे राहिले. सिस्टर जपमाळेचे मणी सरकवत होत्या, आणि त्यांना जणू दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. नऊ मिनिटं झाली. मग मोटारच्या टाचा हळूच माझ्यावर टेकल्या आणि 'बाबा' हा शब्द बाहेर आला. बाकीच्या चार ओळी अडखळत का होईना, पण तिच्याच पायांनी चालत आल्या. त्या दिवसानंतर तिला मोटार म्हणणं बंद झालं नाही, पण हॉर्न कोणी वाजवला नाही.

वाचन संपलं की सिस्टर रोज एकच प्रश्न विचारायच्या, "उद्या कोण?" त्याबरोबर दोनशे मुलं आपापले बूट असे न्याहाळू लागत, की जणू आजच विकत घेतलेत. इतक्या वर्षांत एकाही मुलाने आपणहून हात वर केलेला मला आठवत नाही. शेवटी सिस्टरच बोट दाखवायच्या.

त्यानंतर वर्षं भराभर गेली. सिस्टर निवृत्त होऊन मठाच्या घरी गेल्या. शाळेत मोठं सभागृह झालं, काळ्या काचेचं वाचनमेज आलं. माझी रवानगी रंगमंचामागच्या अडगळीत झाली. कोणीतरी माझ्यावर फुटका पृथ्वीगोल ठेवला, कोणी केरसुण्या. एकदा रखवालदाराने खडूने 'मोडीत' असं लिहिलं आणि मग विसरून गेला. विसराळूपणाचे असेही उपकार असतात. त्या अडगळीची फळी मात्र पातळ होती. पलीकडे रंगमंचावर बोललेलं सगळं मला ऐकू यायचं.

तिथूनच मला कळायचं, की माझी मुलं कुठे पोचली. लटपट्या हृदयाची शस्त्रक्रिया करतो. ज्याचे गुडघे थांबत नव्हते, त्याचा हात तासन्‌तास केसभरही हलत नाही म्हणे. तपासनीस पूल बांधतो, आणि त्याच्या पुलावरून पहिला ट्रक जाताना तो स्वतः पुलाखाली उभा राहतो. रेडिओ खरोखरच बातम्या सांगते. आणि मोटार न्यायाधीश झाली. तिच्या कोर्टात घाबरलेला साक्षीदार अडखळला तर ती वकिलाला मधे बोलू देत नाही. पेन खाली ठेवून थांबते. मी नुसती पेटी, पण हे ऐकून माझ्या फळ्या ताठ झाल्या.

यंदा शाळेला साठ वर्षं झाली. नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचा फलक लागायचा होता आणि तो मोठ्या सिस्टर उघडणार होत्या. सगळे जमले होते. पण सिस्टर आता पंच्याऐंशीच्या होत्या. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली होती. काठी टेकत चालता यायचं, सगळं समजायचं, फक्त शब्द निघत नव्हता. कार्यक्रमाला अर्धा तास उरला असताना फळीपलीकडे वाद सुरू झाला. सिस्टर स्वतः बोलणार, की त्यांच्या वतीने यंत्र?

यंत्राची कल्पना रेडिओची. तिने सिस्टरच्या नावाने सुंदर भाषण लिहून, स्वतःच्या आवाजात भरून आणलं होतं. त्यात मायाच होती, मित्रांनो, दुसरं काही नाही.

"चारचौघांत त्यांची शोभा नको गं व्हायला," रेडिओ म्हणाली. "नुसतं बटण दाबायचं."

तेवढ्यात लटपट्याचा काळजीचा आवाज आला. सिस्टर काचेच्या मेजामागे उभ्या राहूनही दिसत नव्हत्या, आणि सारखा एक हात उलटा करून दाखवत होत्या. उताणा, पालथा, उताणा, पालथा. पुन्हा झटका तर नाही ना, असं तो विचारत होता.

मोटार हसली. "अ-अरे डॉक्टर, त्या पेटी मागतायत."

अडगळीचं दार उघडलं. पृथ्वीगोल घरंगळला. न्यायाधीश बाईंनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली, 'मोडीत' सकट. तपासनीसाने वाकून माझी फळी न् फळी ठोकली, एक खिळा सैल निघाला तो बुटाच्या टाचेने बसवला आणि म्हणाला, "चालेल. माझ्या पुलांपेक्षा बरी आहे."

रेडिओ अजून बटणावर बोट ठेवून होती. मोटार तिच्याजवळ गेली.

"तू छ-छानच म्हटलं असशील," ती म्हणाली. "पण शब्द पुरवायचा नाही. तुला त्या दिवशीही राहवलं नव्हतं."

रेडिओने ते यंत्र पर्समध्ये टाकलं.

एका बाजूने लटपट्याने, दुसऱ्या बाजूने तपासनीसाने धरलं आणि मोठ्या सिस्टर माझ्यावर चढल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. पायांना वजन कसलं ते नव्हतंच, दोन पाखरं बसावीत तसे. पण टाचा वरच होत्या. मी मनात म्हटलं, सिस्टर, मी आहे खाली, टाचा टेकवा.

सभागृहात तीनशे माणसं होती. सिस्टरचे ओठ हलले. उ... आणि अडले. कोणीतरी खोकलं, कोणी घड्याळ पाहिलं. मोटारने पुढे येऊन हात वर केला. तो हात सगळ्यांनी ओळखला.

मग सभागृह थांबलं. ज्यांच्या पाच मिनिटांसाठी लोक महिनाभर आधी वेळ मागतात, ती माणसं हात मांडीवर ठेवून शाळेतल्यासारखी बसली. उ... उ... किती मिनिटं गेली ते मी मोजलं. अकरा. मोटारपेक्षा दोन जास्त. मग माझ्या फळीवर दोन टाचा टेकल्या.

"उ-द्या... कोण?"

 आणि मग लटपट्याने एका हाताने सिस्टरना धरून दुसरा हात वर केला. जो हात केसभरही हलत नाही, तो थरथरत होता. त्यानंतर मोटारचा गेला, तपासनीसाचा, रेडिओचा, आणि मग मला मोजता येईना. तीनशे हात वर होते. एकही माणूस बूट बघत नव्हता. सिस्टर हसल्या. ते मी पाहिलं नाही, पायांवरून कळलं.

फलक उघडला, नावं चमकली. मला कोणी पुन्हा अडगळीत नेलं नाही. काचेचं मेजच तिकडे गेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढं तर प्रत्येक जुनी वस्तू सांगते, आणि मीही सांगते. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्यासमोर कोणाचा शब्द अडला, तर तो पळत जाऊन आणून देऊ नका. हात मांडीवर ठेवा आणि थांबा. आणि सकाळी लवकर या. उद्या कोणीतरी माझ्यावर उभं राहायचं आहे.