डोळ्यांच्या दवाखान्याचं दार

साकोलीला डॉ. रीना कापगते यांचा डोळ्यांचा दवाखाना डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. जीवन रंगारी तिथं पहिल्या दिवसापासून होता. त्याआधी त्यानं बारा वर्षं औषधाच्या दुकानात काढली होती. दवाखान्यात नंबर लावणं, केसपेपर काढणं, पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकणं, नळ गळला तर माणूस बोलावणं, ही सगळी कामं त्याच्याकडे होती. दर्शनी भागाची काच आणि काचेचं दार बसवायचं कामही त्यानंच करून घेतलं होतं. डॉक्टर तेव्हा तपासणीच्या मशिनी आणायच्या मागे होत्या.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात एका मंगळवारी दिघोरीहून पार्वताबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. सोबत सून रुखमा होती. जीवननं पार्वताबाईंच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकले आणि त्यांना बाकावर बसवलं. रुखमा मागच्या बाजूला पाण्याची बाटली भरायला गेली. पार्वताबाईंना आत कोंदल्यासारखं वाटत होतं. समोर त्यांना फक्त उजेड दिसत होता. तो उजेड म्हणजे उघडं दार, असं समजून त्या उठल्या आणि चालत गेल्या.

जीवन टेबलाशी एक नाव लिहीत होता. आवाज आला तेव्हा तो पाच पावलांवर होता.

दाराची काच लांब लांब तुकड्यांत फुटली. त्यातला एक तुकडा पार्वताबाईंच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ओढत गेला. कपाळालाही लागलं. डॉक्टरांनी स्वतः टाके घातले. हाताला अकरा आणि कपाळाला तीन. पार्वताबाई रडल्या नाहीत. टाके घालून होईपर्यंत त्या एकच विचारत होत्या, “काय फुटलं वं, रुखमा? काय फुटलं?”

पुढच्या गुरुवारी त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. जखम भरेपर्यंत ते पुढे ढकललं.

संध्याकाळी पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी फरशीवरचा एक तुकडा कागदात धरून उचलला. हातभर लांब, टोकाला सुरीसारखा.

“जीवनभाऊ, ही टफन काच आहे?”

“हो मॅडम. बिलावर तसंच आहे.”

“टफन काच भट्टीत तापवून कडक केलेली असते, फुटली की बारीक दाणे होतात. मी नागपूरला पाहिलंय. ही साधी काच आहे.”

जीवननं फाईल काढली. बिलावर ‘१२ एमएम टफन’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली त्याच्याच अक्षरात होतं, ‘काम पाहिलं, बरोबर आहे.’ आणि सही. सही करताना त्यानं काच पाहिली होती, हे खरं होतं. काचेत काय पाहायचं असतं, ते त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं कोणाला विचारलंही नव्हतं.

काच बसवणारा घनश्याम हा त्याचा शाळेतला सोबती. बसस्टँडच्या मागे त्याचं ॲल्युमिनियम आणि काचेचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीवन तिथं गेला. घनश्यामला बातमी लागली होती.

“म्हातारी कशी आहे?” त्यानं विचारलं.

“चौदा टाके पडले. काच साधी होती, घनश्याम.”

घनश्यामनं हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, “टफन काच मापानं नागपूरहून बनवून आणा लागते. एकदा बनली की कापता येत नाही. बारा-पंधरा दिवस लागते. अन् तू रोज फोन करून राहिला होता, उद्घाटन आहे, उद्घाटन आहे म्हणून. मंग मी इथं होती ते लावून देली. म्हटलं, मागून बदलून देईन.”

“मंग काहून नाही बदलली?”

“तू सही करून देली. कोणी काही म्हटलं नाही. राहून गेलं.”

“मले सांगता नाही आलं? मी मॅडमले म्हटलं असतं, दार नाही झालं, पडदा लावून उद्घाटन करू.”

“म्हटलं असतं काय तू?” घनश्यामनं विचारलं.

घनश्यामनं पैसे परत करायची तयारी दाखवली आणि नंतर खरोखर परतही केले. पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतंसुद्धा राहिलं नाही.

दवाखान्याच्या दाराला हिरवा पडदा लागला. धूळ आत येऊ लागली, एसी बंद ठेवावा लागला. आठवडाभरानं डॉक्टर म्हणाल्या, “काचेचं काम करणारा दुसरा माणूस शोधा. तुम्हीच बघा.”

“मॅडम, मागच्या वेळी मीच पाहिलं होतं.”

“म्हणूनच,” डॉक्टर म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

मग जीवननं शिकायला सुरुवात केली. टफन काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा छोटा शिक्का असतो, हे त्याला कळलं. तो साकोलीत, लाखनीत, भंडाऱ्यात जिथं जाईल तिथं वाकून दारांचे कोपरे पाहू लागला. एका बँकेच्या दाराशी तो असा वाकलेला असताना चौकीदारानं त्याला हटकलं. कामासाठी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा एक प्रश्न त्यानं ठरवून ठेवला होता. तो म्हणजे, तुमचं बिघडलेलं एखादं काम सांगा.

नागपूरच्या एका कंपनीचा माणूस आला. त्यानं मोबाइलवर मोठमोठ्या इमारतींचे फोटो दाखवले. जीवनचा प्रश्न ऐकून तो हसला आणि म्हणाला, काही झालं तर आमचा कस्टमर केअर नंबर आहे. माप घ्यायला टेप त्यानं आणलीच नव्हती. भंडाऱ्याच्या एकानं सांगितलं, आमचं काम बिघडतच नाही, आणि दहा गिऱ्हाइकांचे नंबर दिले. दहाही जण चांगलं बोलले. जीवन त्यातल्या दोन दुकानांत जाऊन आला. एकीकडे काचेवर शिक्का होता, दुसरीकडे नव्हता. बिल दोघांकडेही टफनचं होतं.

तुमसरच्या पटले यांचं नाव त्याला लाखनीच्या एका कापड दुकानदारानं दिलं होतं. पटले साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. फोनवर जीवननं त्यांनाही तोच प्रश्न विचारला.

“तुमसरले भय्याजींची राईस मिल आहे,” पटले म्हणाले. “त्यायच्या हापिसात काच लावली होती. फुटली. जाऊन पाहा. पण माझं नाव काढलं तं शिव्या खासान.”

रविवारी जीवन तुमसरला गेला. मिलच्या आवारात धानाची पोती उतरत होती. भय्याजी हापिसात काचेच्या भिंतीमागे बसले होते. पटल्यांचं नाव काढताच ते खरंच भडकले.

“दुपारी बारा वाजता हात न लावता फुटली! मी इथंच बसून होतो. सगळे दाणे डोक्यावर, चहात, रजिस्टरात. बॉम्ब फुटल्यावानी आवाज झाला.”

“लागलं तुमाले?”

“लागलं नाही. दाणेच होते बारीक. म्हणे भट्टीत एखाद्या काचेत खोट राहते. ते मले काय सांगता? वीस दिवस मी उघड्या हापिसात कोंडा खाऊन राहिलो.”

“मंग पटले काय म्हणाले?”

“काय म्हणन? त्याच दिवशी आला. झाडू मागून स्वतः झाडलं. नवी काच आणून लावली.” भय्याजींनी समोरच्या काचेकडे बोट दाखवलं. “रोज फोन करून मी त्याले बोललो. एकही दिवस त्यानं फोन उचलला नाही, असं झालं नाही.”

“तुमाले पुन्हा काम करायचं असलं तं कोणाले बोलावसान?”

भय्याजींनी त्याच्याकडे चिडून पाहिलं. “त्यालेच बोलावीन. दुसरा कोण आहे?”

जीवननं तुमसरहूनच पटल्यांना फोन लावला.

पटले आले ते मंगळवारी, दवाखान्याच्या गर्दीच्या वेळी. जीवनला वाटलं, आता माप घेतील. पण ते पेशंटांच्या बाकावर एक जागा पाहून बसले आणि दोन तास तिथंच बसून राहिले. लाखांदूरकडचे, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनीकडचे म्हातारे येत होते, भिंतीला हात लावत चालत होते, पडदा चाचपून बाहेर जात होते. एकीनं तर पटल्यांनाच खुर्ची समजून त्यांच्या गुडघ्यावर हात टेकला. गर्दी सरल्यावर ते डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“मॅडम, पूर्ण काचेचं दार लावू नका. खालचं अर्धं ॲल्युमिनियमचं करू. वरच्या काचेवर हातभर रुंद पिवळा पट्टा. अन् हँडल लांब, काळं.”

“पिवळा?” डॉक्टरांना ते आवडलं नाही. “रस्त्यावरून आतलं स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणून तर मी काच घेतली. पट्ट्यानं कसं दिसेल ते?”

“चांगलं नाही दिसणार,” पटले म्हणाले. “पण तुमच्या पेशंटले दिसत नाही म्हणूनच तं ते इथं येतात.”

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाल्या, “पट्टा करा. पण जरा नीट, सरळ करा.”

पटल्यांनी अठरा दिवस मागितले आणि त्यात एकही दिवस कमी करायला नकार दिला. जीवननं त्या अठरा दिवसांत त्यांना एकदाही फोन केला नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी गाडी आली. जीवननं प्रत्येक काचेचा शिक्का पाहिला, कडांवरून कापड फिरवलं. बाजूच्या एका काचेच्या कडेला नखाएवढा टवका उडालेला होता.

“हे काय आहे?”

पटले वाकले. “गाडीत लागलं असन. ॲल्युमिनियमच्या चौकटीत जाईन ते, दिसणार नाही.”

“दिसणार नाही म्हणून चालते काय?”

“एवढ्यानं काही होत नाही.”

“मले लिहून द्या, काही होत नाही म्हणून. सही करून.”

पटल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या टवक्यावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला होता. “नाही देता येत,” ते म्हणाले. “कड दुखावली की टफनचा भरोसा नाही. भरा रे हे गाडीत परत.”

दार त्या दिवशी लागलं. बाजूची काच आणखी तेरा दिवसांनी आली. जीवननं ती पाहून घेतली तेव्हाच कागदावर सही केली.

पार्वताबाई मात्र परत आल्या नव्हत्या. टाकेसुद्धा त्यांनी गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईकडून काढून घेतले होते. जीवननं दोनदा फोन केला, दोन्ही वेळा रुखमानं सांगितलं, “धानाची रोवणी सुरू आहे भाऊ, मंग पाहू.” ऑगस्टच्या शेवटी रोवणी उरकल्यावर तो मोटारसायकलनं दिघोरीला गेला.

पार्वताबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या, बोटांनी चाचपत. जीवननं नाव सांगितलं तसे त्यांचे हात थांबले.

“दवाखान्यातले काय? बाबू, ते काच लय महाग होती काय रे?”

“काहून आजी?”

“मी फोडली नं. पोरगा म्हणे, ऑपरेशनले गेलो तं आधी काचेचे पैसे मागतीन. म्हणून मी नाही म्हटलं. राहू दे डोळे.”

रुखमा दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

जीवन ओसरीच्या कडेला बसला. रस्ताभर त्यानं काय काय जुळवून ठेवलं होतं, ते सगळं आता कमी वाटायला लागलं. “आजी, काच तुम्ही नाही फोडली. तिथं चुकीची काच लावली होती. ते काम मी पाहिलं होतं अन् बरोबर आहे म्हणून सही केली होती. बरोबर नव्हतं. तुमाले लागलं ते माझ्या चुकीनं लागलं.”

पार्वताबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. त्यांना हे पटत नव्हतं की कळत नव्हतं, ते सांगणं अवघड होतं.

“तू कायले फोडशीन? तू तं लिहीत बसला होता, रुखमा सांगत होती.”

“हो. लिहीतच बसलो होतो,” जीवन म्हणाला.

पार्वताबाईंनी लसणाचं सुपडं बाजूला सरकवलं. “पैसे नाही नं मांगणार कोणी?”

“नाही.”

“मंग रुखमा, पोळा झाल्यावर जाऊ.”

पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात त्या ऑपरेशनसाठी आल्या. नव्या दाराशी येऊन थांबल्या. पिवळा पट्टा त्यांना दिसला की नाही कोण जाणे, पण त्या पुढे झाल्या नाहीत. जीवननं जाऊन दार उघडून धरलं, तरी त्यांनी आधी एक हात पुढे करून हवा चाचपली, मग पाऊल टाकलं. जाताना आणि येताना, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्या तसंच करत राहिल्या.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली, थेंब टाकले आणि किती बोटं आहेत ते विचारलं. पार्वताबाईंनी बरोबर सांगितलं. मग त्यांनी आपला डावा हात डोळ्यांपुढे धरला आणि कोपरापासून मनगटापर्यंतची टाक्यांची खूण पाहत गेल्या.

“एवढीच आहे?” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, लय मोठी असन.”

डॉक्टर हसल्या. जीवन खिडकीपाशी गोळ्यांच्या पुड्या बांधत होता, तो हसला नाही.

त्यानं रुखमाला थेंब कधी टाकायचे ते दोनदा समजावून सांगितलं आणि रजिस्टर उघडलं. डावा डोळा महिन्याभरानं करता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. त्यानं ऑक्टोबरमधली एक तारीख सुचवली.

“तेव्हा नाही जमत,” पार्वताबाई म्हणाल्या. “हलका, लवकरचा धान कापाले येते तेव्हा. यंदा वावरात, बांधीवर मी जाईन, मले दिसते आता. दिवाळी झाल्यावरची लिही.”

जीवननं दिवाळीनंतरचा गुरुवार लिहिला.