अठरा तारखेला मी तिथं नव्हते

मी लाल स्कूटर बोलतेय. हो, तीच. भुकूमच्या हार्डवेअरच्या दुकानाची काच फोडायला गेली म्हणून जिचं नाव कोर्टाच्या कागदात लागलं, ती मीच. तेव्हा ज्याला त्याला तोंड फुटलं होतं, मला मात्र कुणी विचारलं नाही. आज मी सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. एका दिवसात माझ्यासारख्या शेकडो जन्मल्या, त्यामुळे जन्माचं कौतुक कुणाला नव्हतं. पहिला मालक भूगावच्या सोसायटीतला, कॉम्प्युटरवाला. त्यानं मला हार घातला, पेढे वाटले, तीन महिने फिरवलं आणि मग चारचाकी घेतली. पुढं वर्षभर मी पार्किंगच्या खांबाआड उभी. टायर बसले, बॅटरी मेली, सीटखाली उंदरानं संसार मांडला. टाकलेल्या वस्तूला निदान भंगारवाला तरी विचारतो, विसरलेलीला कुणीच नाही.

तिथून मला शारदानं विकत घेऊन बाहेर काढलं. शारदा कासार आंबोलीची लेक. विश्रामशी तिचा संसार आठ वर्षं चालला. मग दोघांनी संमतीनं काडीमोड घेतला आणि ती आईकडे, साळूबाईंकडे परत आली. रडत बसणं तिला जमलं नाही. तिनं बायकांना स्कूटर शिकवायला सुरुवात केली.

माझ्या तोंडावर लाल 'एल' चिकटला. शिकणाऱ्या भुकूमच्या नव्या इमारतींतल्या होत्या तशा जुन्या गावातल्याही. एक शाळेतल्या बाई, एक पोळ्या लाटणारी, एक नुकतीच आजी झालेली. कुणी ब्रेकऐवजी मूठ पिळली, कुणी मला थेट बाभळीत घातलं. पुरुष पडला की गाडीला शिव्या देतो. या बायका मला उचलता उचलता "सॉरी गं" म्हणायच्या. माझ्या अंगावरचा एकेक ओरखडा मी मानानं मिरवायचे.

आमचं मैदान भुकूमला, नेमकं विश्रामच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे. सिमेंट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याला हसायचं, वहिनींनी शाळाच काढली की म्हणायचं. तो ते गिळत राहिला. पण त्याच्याच भावकीतल्या दोघी शिकायला आल्या, तेव्हा त्याचं डोकं फिरलं.

मार्चमध्ये एका दुपारी कोर्टाचा बेलीफ अंगणात आला. शारदा मला पुसत होती. तिनं फडकं खांद्यावर टाकलं आणि कागद वाचला. अठरा तारखेला सकाळी अकरा वाजता ती लाल स्कूटरवरून दुकानात आली, शिव्या दिल्या, दगडानं काच फोडली, दुकान जाळीन म्हणाली, असं त्यात होतं. खाली माझा नंबर. साक्षीला विश्रामची धाकटी भावजय, पिंकी. दुकानातला कॅमेरा म्हणे नेमका त्या दिवशी बंद होता. कोर्टानं तूर्त मनाई हुकूम दिला होता. पुढच्या तारखेपर्यंत शारदानं त्याच्या दुकानाजवळ आणि घराजवळ थांबायचं नाही. शंभर मीटर. म्हणजे मैदानही गेलं.

तिनं ते दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्या सीटखाली ठेवलं आणि माझं राहिलेलं अंग पुसून काढलं.

गावात बोभाटा व्हायला संध्याकाळ पुरली. अकरा बायका शिकत होत्या, त्यातल्या तीन उरल्या. बाकीच्यांच्या घरी सांगितलं गेलं, कोर्टकचेरीवाल्या बाईच्या नादी लागू नका. साळूबाईंचाही धीर सुटला.

"गप ऱ्हा बाई," त्या म्हणाल्या. "चार दिसांनी लोक इसरतील."

"लोक इसरतील आई," शारदा म्हणाली. "कागद न्हाई इसरायचा."

दुसऱ्या दिवशी तिनं वकीलबाईंना गाठलं. रस्त्यानं येण्याजाण्याला मनाई नाही, फक्त थांबायचं नाही, हे त्यांच्याकडून नीट समजून घेतलं. येताना ती मधल्या वाटेनं गेली नाही. दुकानासमोरूनच निघाली, भर अकराला, तोंडाला ओढणीसुद्धा न बांधता. विश्राम गल्ल्यावरून उठून बघत राहिला. घरी आईनं विचारलं, कशाला गेलीस तिथून?

"थांबायचं न्हाई, एवढंच लिवलंय त्यात. मान खाली घालायची, असं न्हाई लिवलेलं."

राहिलेल्या तिघींना ती कासार आंबोलीतच एका ओसाड प्लॉटवर शिकवू लागली. त्या वडापच्या जीपनं येत, पण येत.

आता अठरा तारखेचं खरं ऐका. त्या दिवशी मी पिरंगुटला नसीरभाईंच्या गॅरेजात होते, पोट उघडं टाकून. माझा पिस्टन जळाला होता. शारदा तिथंच स्टुलावर बसून होती. पुण्याच्या स्पेअरपार्टवाल्याला दाखवायला नसीरभाईंनी मोबाइलवर फोटो काढला. जळका पिस्टन शारदाच्या हातात, मागं माझी नंबरप्लेट. वेळ, दहा वाजून बावन्न मिनिटं.

तो फोटो शारदाला आठवला तो वकीलबाई तारखा विचारत असताना. ती तशीच गॅरेजात गेली. पण नसीरभाईंचा जीव दोन्हीकडून अडकला. विश्रामशी त्यांची जुनी ओळख. शिवाय कुणी ना कुणी येऊन सांगून गेलं होतं, नवराबायकोच्या भांडणात पडू नका. ते मान खाली घालून माझ्याच शेजारच्या गाडीचं चाक आवळत राहिले. शारदानं आग्रह केला नाही.

"तुमी न्हाई म्हणालात तरी मी गाडी हितंच आणीन," एवढंच बोलून ती वळली.

त्यांनी पाना खाली ठेवला. "तारीख कवा हाय, ताई? जे झालं ते सांगाया कुणाची बाजू घ्यावी लागत न्हाई."

तारखेला मी कोर्टाबाहेर चिंचेखाली उभी होते. आत काय झालं ते नसीरभाईंनी मला टेकून, चहा पीत, दुसऱ्या एकाला सांगितलं तेव्हा मला कळलं. जज्जसाहेबांनी फोटो पाहिला, मूळ मोबाइल मागवला, पुन्हा पाहिला. मग विचारलं, इंजिन उघडलेली गाडी पिरंगुटहून भुकूमला आली कशी? विश्रामच्या वकिलांनी तारखेत चूक झाली असेल म्हटलं. साहेब म्हणाले, विश्राम आणि पिंकी, दोघांच्याही प्रतिज्ञापत्रांत एकच चूक? मनाई हुकूम उठला. महिन्याभरात विश्राममहाराजांनी दावाही मागं घेतला. माफी मात्र मागितली नाही. काच त्यानं स्वतः फोडली की आणखी कुणी, ते मला ठाऊक नाही. जे पाहिलं नाही, ते मी बोलत नाही.

आम्ही परत मैदानात आलो. बायका एकेक करून परतल्या. काहींनी डोळे चुकवले. शारदानं कुणाला टोमणा मारला नाही.

आणि एका सकाळी कडेला पिंकी येऊन उभी राहिली.

"ताई, मलाबी शिकायची हाय."

शारदानं माझी किल्ली काढून मुठीत धरली. "शिकवीन. पण कागदावर सही केलीस ते आदी ह्या समद्यांम्होरं सांग."

पिंकीनं रस्त्यापलीकडे पाहिलं. विश्राम दुकानाच्या पायरीवर उभा होता. ती घाबरली होती. तरी बोलली, आणि हळू नाही बोलली.

"मी गाडी बघितलीच न्हाई. भावजींनी कागद म्होरं ठेवला, मी सही केली. घरात ऱ्हायचं व्हतं मला."

शारदानं किल्ली तिच्या हातात ठेवली. "बस."

पिंकीनं माझं हँडल असं आवळलं की माझीच बोटं दुखली असती, असती तर. आम्ही वाकडंतिकडं करत निघालो. शारदा मागं बसून पुन्हा पुन्हा बजावत होती, दुकानाकडं नको, म्होरं बघ.

आज माझा पुढचा मडगार्ड तडकलाय, डावा आरसा पिंकीच्या कृपेनं गेलाय. तक्रार नाही. तुमच्याकडे मागणं एकच. उद्या कुणी तुम्हाला येऊन सांगेल, अमकीनं असं केलं, तमकीची गाडी तिथं होती. हुंकार भरण्याआधी त्याला एवढं विचारा, तू स्वतः पाहिलंस का?

सात वाजले. बायका आल्या. येते मी.