निळे खटके

मास्तरांनी जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला आणि जन्मभर बायकोशी हुज्जत घातली. दोन्ही बाबतींत त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. मग पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि जीभ अडखळू लागली. डोकं मात्र लख्ख. एखाद्या शब्दासाठी ते झगडायला लागले, की मास्तरीणबाई चटकन वाक्य पुरं करून टाकायच्या. बिचारीला ती धडपड बघवत नसे. हळूहळू मास्तरांनी बोलायचंच सोडलं. माणूस समोर बसलेला असून घर खायला उठायचं, पण सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं तोच गप्प.

एक विरंगुळा तेवढा उरला होता. परगावची नात रोज संध्याकाळी इंटरनेटवरून आजोबांबरोबर कॉम्प्युटरवर रणगाड्यांचा गेम खेळायची, आणि खेळता खेळता ते तिला टाइप करून उत्तरं द्यायचे. पण घरचा कीबोर्ड हा लांबलचक! एकटा डावा हात या टोकाला रणगाडा चालवणार, की त्या टोकाला अक्षरं गाठणार? "आलो" लिहून होईपर्यंत रणगाड्याचा पार भुगा. शेवटी नातच फोनवर म्हणाली, "आजी, आजोबांना छोटा मेकॅनिकल कीबोर्ड घे गं. सगळं एका हाताच्या टप्प्यात येईल."

म्हणून दोघं दुकानात आले. दुकानदाराने दोन छोटे कीबोर्ड काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडून दिले.

"उजवीकडचे आकडे काढून टाकलेत, म्हणून हे आटोपशीर. प्रत्येक बटणाखाली वेगळा खटका आहे. लाल खटक्यांचा मऊ चालतो, निळ्यांचा चांगला खणखणीत वाजतो. काका, तुम्हाला कुठला आवडेल?"

"लाल," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"गेमसाठी हवा की टायपिंगसाठी, काका?"

"दोन्हीसाठी. आणि आवाज अजिबात नको. डॉक्टरांनी यांना शांतता सांगितलीये."

एव्हाना मास्तरांचा डावा हात निळ्यावर गेला होता. खट्‌ खट्‌ खट्‌! शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"अहो, डोकं उठेल तुमचं!" बाईंनी तो हात हळूच उचलून लालवर ठेवला. हात पुन्हा निळ्यावर. "आता काय बाई हा हट्ट!"

"म... म..." मास्तर लालबुंद झाले.

"मऊच बरा, हो ना? द्या हो हा लालच बांधून."

मास्तरांनी मान खाली घातली आणि ते निळ्या खटक्यांवर तुटून पडले. समोरच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. 'थांब जरा. मला बोलू दे.' बाई पडद्याकडे वाकल्या. बोटं थांबली नाहीत. 'मी बोलतोय हे तुला स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे.'

बाईंना एकदम भरून आलं. इतके दिवस आपण या माणसाला मदत करत होतो, की त्याचं तोंड बंद करत होतो? डोळे पुसत त्या म्हणाल्या, "निळा द्या."

संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातून सवयीने हाक मारली, "अहो, चहा टाकू ना? टाकतेच..." आणि जीभ चावली. गॅसपाशी तशाच उभ्या राहिल्या. बाहेर खटखट सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. हात पुसत त्या वाचायला आल्या.

'टाक. पण दुपारचा पाणचट होता.'

"पाणचट? माझा चहा पाणचट?" बाईंचा आवाज वरच्या पट्टीत गेला. किती दिवसांनी! "मग इतके दिवस मुकाट्याने प्यायलात कशाला? बोला ना, आणखी काय काय चुकतं माझं?"

मास्तर गालातल्या गालात हसले. तिकडे नात त्यांच्या रणगाड्यावर गोळ्यांचा भडिमार करत होती, पण इकडे लक्ष कुणाचं होतं? बरंच काही साठलं होतं, आणि हात एकच. खट्‌... खट्‌... मास्तरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि मध्ये एक शब्दही न बोलता त्या वाट बघत बसल्या.