भरणारीचा वाटा

शिकारीत डुक्कर पडलं की महादू वडाखाली सागाच्या पानांवर मटणाचे वाटे घालायचा आणि एकेक हाक मारायचा. बंदूकवाल्याचा, रान उठवायला हाक्याला गेलेल्यांचा, कुत्र्यांचा, आणि शेवटी, "भरणारीचो वाटो, आनंदी!" ती हाक आली की आनंदी थाळा घेऊन, पदर सावरत, साऱ्या पुरुषांमधून ताठ मानेने जायची. नवरा दत्ताराम गेल्यापासून गाव तिला तिच्या नावाने बोलवायचं ते एवढ्यापुरतंच. एरवी ती दत्तारामाची बायको, नाहीतर गणपतची वयनी.

रिकामी काडतुसं पुन्हा भरायला दत्तारामानेच तिला शिकवलं होतं. खिळ्याने बुडाची, बार पेटवणारी जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, पितळी मापाने दारू, वर जुन्या घोंगडीची चकती, मग छर्रे आणि तोंडाला मेण. लाकडी दांडीने दाबून दाबून तिच्या तळहाताला घट्टा पडला होता. दत्ताराम गेला तेव्हा बंदुकीचा परवाना तिच्याही नावावर झाला असता. पण धाकट्या दिराला तिनेच लहानाचा मोठा केलेला. देवगडच्या कचेरीत तिने आपण होऊन गणपतच्या नावाला संमती दिली. साहेबाने पुन्हा विचारलं, तर "दीर आणि मी काय वेगळे?" असं उलट त्यालाच विचारून आली.

जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला त्याच्या पुढल्या वर्षी गणपतने मुंबईहून काडतुसं भरायचं मशीन आणवलं. दांडा ओढला की टोपी बसते, पुन्हा ओढला की काडतुसाचं तोंड पाकळ्या मिटाव्यात तसं मिटतं. गणपतचे पाय जमिनीवर ठरेनात.

"वयनी, आता तुझ्या हातांका आराम," तो म्हणाला.

वेडीला खरंच बरं वाटलं. तिने आपलं पितळी माप मशीनच्या मापाशी ताडून दिलं, आपल्या हातची उरलेली काडतुसंही त्याच्या पट्ट्यात खोवून दिली. हातचं राखून ठेवणं तिला कधी जमलंच नाही.

आश्विनात नाचणीत शिरलेलं डुक्कर पडलं. आनंदी थाळा पुसून अंगणात उभी राहिली. बंदूकवाला झाला, हाकेवाले झाले, कुत्रे झाले. मग हाक आली, "मशीनवाल्याचो वाटो, गणपत!" आणि माणसं पांगली. तिला वाटलं, विसरले असतील. तेवढ्यात महादू तिच्या अंगणावरून गेला. तिच्या हातातला थाळा पाहून त्याने मान खाली घातली आणि पाय उचलला. तेव्हा तिला कळलं की हे सगळं आधीच ठरलेलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणारा परका असता, तर तिने चार शिव्या हासडून मन मोकळं तरी केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गणपत पडवीत येऊन टेकला. हातात पानात बांधलेलं मटण होतं.

"वयनी, मशिनीचे दोन बार फुसके गेले," तो हळूच म्हणाला. "डुकर पडलो तो तुझ्या काडतुसान."

"ह्यां वडाखाली सांगितलंस?"

"कसां सांगू? मशिनीचां एवढां कौतुक केलंय. लोक हसतले. तू धा-बारा भरून दी. मशिनीचीच म्हणान खपतली. आणि हो घे, माझ्यातलो वाटो तुका."

"पुढच्या टायमाक माझ्या नावान हाक मारशात?"

गणपत पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला. तेवढ्यानेच तो तिच्या मनातून कायमचा उतरला. मटणाचं पान तिने त्याच्या मांडीवर परत ठेवलं.

"वाटो हाकेन येता रे गणपत. लपान आणतत तेका भीक म्हणतत. काडतुसां मशिनीकडे माग."

तो गेला. दार लावून आनंदी आत आली, आणि दत्ताराम गेला तेव्हाही रडली नव्हती इतकी रडली.