हिरड्याखालची जागा

लाइफ जॅकेट घालायला सरुबाई तयारच होईनात. नऊवारीवरून ते केशरी धूड चढवल्यावर पदर कुठं खोचायचा, हा त्यांचा सवाल होता. शेवटी ज्ञानेशने पट्टे ढिले केले, पदर आतून घेतला, बकल लावलं आणि लहान पोराला धरावं तसं आईला दंडाला धरून होडीत बसवलं. वडील धर्माजी आधीच बसले होते. त्यांनी जॅकेट निमूटपणे घातलं होतं आणि मांडीवर पिशवी घेऊन ते होडीच्या तळाकडे बघत होते.

"आबा, समोर बघा की," ज्ञानेश वल्ही मारत म्हणाला. "तुमचंच गाव आहे खाली."

"बघितलंय," धर्माजी म्हणाले.

चाकणच्या पलीकडे, कंपन्यांच्या पत्र्यांची रांग संपली की तासाभराच्या वाटेवर हे धरण लागतं. त्याच्या पोटात आंबोडी. धरण भरलं त्याला तीस वर्षं झाली. गावामागचा माळ तेवढा पाण्याबाहेर राहिला आणि चहूबाजूंनी पाणी आल्यामुळे त्याचं बेट झालं. चाकणमधली कंत्राटी नोकरी सुटली तेव्हा ज्ञानेशने एक जुनी होडी आणि चार तंबू घेतले आणि शनिवार-रविवारी हिंजवडीच्या कंप्युटरवाल्यांना त्या बेटावर न्यायला सुरुवात केली. तिथं वीज नाही, नळ नाही, संडास नाही, मोबाइलला रेंज नाही. जाहिरातीत तो नेमकं हेच ठळक लिहायचा आणि लोक त्यासाठीच यायचे. सरुबाईंना काही केल्या हे पटत नसे. आम्ही तिथं तसेच राहत होतो तेव्हा लोक आम्हाला मागासलेले म्हणायचे, आणि आता मागासलेलं व्हायला गाडीतून येतात, असं त्या काळेवाडीच्या चाळीत भेटेल त्याला ऐकवायच्या.

आज बुधवार होता. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. आज बेटावर मुक्कामाला आईवडीलच येणार होते, आणि त्याला कारण झालं होतं पंधरा दिवसांपूर्वीचं बारसं.

ज्ञानेशला मुलगी झाली. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या, आणि ऐन वेळी नाव ठेवायला आत्याच नाही. ज्ञानेश एकुलता एक. मग शेजारच्या मंजुळाबाईंना आत्या केलं. त्यांनी बाळाच्या कानात कुर्रर्र करून तेजल हे नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत हौसेने धपाटे घातले, सून अनिताने त्यांची साडीने ओटी भरली, आणि सगळं रीतसर पार पडलं. त्या गडबडीत सरुबाई कुठं दिसेनात. धर्माजींना त्या मोरीत सापडल्या. नळ सोडून त्या तोंडावर पाणी मारत होत्या.

"आत्या व्हती तिला," त्या म्हणाल्या. "मला तिची जागा दावा. इतकी वर्सं मागितलं न्हाई. आता दावा."

धर्माजींनी वाकून नळ बंद केला. हा दिवस कधीतरी येणार हे ते जाणून होते, पण आपण त्याच्या आधीच मरून जाऊ असा त्यांचा अंदाज होता.

चौतीस वर्षांपूर्वी, श्रावणात, त्यांना पहिली मुलगी झाली. नवव्या दिवशी तिने दूध ओढायचं सोडलं आणि संध्याकाळपर्यंत ती गेली. बारसं तीन दिवसांवर आलेलं, त्यामुळे नावही नव्हतं. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात, आणि बाळंतिणीला तिथं नेत नाहीत. धर्माजी आणि त्यांचे चुलते लक्ष्मणराव, दोघेच गेले. परत आल्यावर खाटेवरून सरुबाईंनी एवढंच विचारलं, कुठं ठेवलं तिला? धर्माजी म्हणाले, माळावर, हिरड्याच्या झाडाखाली. उंचावर आहे, ओल नाही, काळजी करू नको.

ते खोटं होतं. पाऊस मी म्हणत होता, माळाची पायवाट वाहून गेली होती आणि वर सगळा खडक. ओढ्याच्या काठी उंबरापाशी मऊ माती बघून चुलते म्हणाले, इथंच. सव्वीस वर्षांच्या धर्माजींनी मान हलवली. घरी आल्यावर बायकोच्या तोंडाकडे बघून 'ओढ्याकाठी' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना, म्हणून ते माळ म्हणाले. ती जरा सावरली की खरं सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं.

पुढं चार वर्षांनी गाव उठलं. लोकांनी दारं-चौकटी काढल्या, वासे उतरवले, मारुतीला वाजतगाजत ट्रॅक्टरवर बसवलं. कुणी कुणी तर गोठ्यातले दगडही मागे ठेवले नाहीत. त्या धांदलीत सरुबाई म्हणाल्या, "एक बरं हाय. आपली पोर माळावर हाय. तिला पानी लागायचं न्हाई."

धर्माजींच्या हातात तेव्हा दाराची चौकट होती. त्यांनी ती ट्रॅक्टरमध्ये ठेवली आणि दुसरी आणायला गेले. ओढ्याकाठी पाणी चढायला अजून आठवडा होता. त्या दिवशी बोलले असते तर कुदळ घेऊन जाता आलं असतं, पोरीला वर आणता आलं असतं. गावाने देव नेला, दगड नेले, आणि बापाने आपली पोर तेवढी बुडायला ठेवली. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि एक दिवसही विसरले नाहीत.

बाकी माणूस कसा, तर भोसरीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं शेवटच्या तपासणीवर. मापाच्या गेजमध्ये बसेल तो तुकडा पास, नाही बसला तो परत. साहेबाने डोळे वटारले, ट्रक गेटवर खोळंबला, सोबतचे 'जाऊ द्या की राव' म्हणत राहिले, तरी धर्माजींचा शिक्का पडायचा नाही. निरोपाच्या दिवशी मॅनेजर म्हणाले, या गृहस्थाच्या हातून एकही खोटा तुकडा बाहेर गेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धर्माजी हातातल्या नारळाकडे बघत खाली मान घालून उभे राहिले आणि लोकांना तो विनय वाटला.

होडी बेटाला लागली. वाटभर धर्माजी एकच गोष्ट मनात घोकत आले होते, की हिरडा पडलेला असू दे. इतक्या वर्षांत वादळं झाली, कुणी सरपणाला तोडून नेलं असेल. मग म्हणता आलं असतं, खूण राहिली नाही, आता कुठं शोधू. पण हिरडा होता. चांगला भरदार, माळाच्या माथ्यावर, आणि त्याच्या सावलीत ज्ञानेशने कालच तंबू ठोकून ठेवला होता. सरुबाईंनी जॅकेट काढून टाकलं आणि गुडघ्यांवर हात देत, कुणाची वाट न बघता त्या सरळ झाडाकडे निघाल्या. हे झाड त्यांनी लग्नानंतर दोन-तीनदा पाहिलं असेल. पण मनाने त्या इथं रोज येत होत्या, हे त्या चालण्यावरून धर्माजींना कळलं.

"कुठल्या अंगाला?" झाडापाशी पोचल्यावर त्यांनी विचारलं.

आता सांगावं, असं धर्माजींच्या मनात आलं. त्यांनी तोंडही उघडलं. सरुबाई त्यांच्याकडे बघत होत्या. केस पांढरे झालेले, दोन दात पडलेले, पण चेहरा त्या खाटेवरच्या बाळंतिणीचा. धर्माजींनी बुंध्यापासून तीन पावलं मोजली आणि बोट दाखवलं.

"हितं."

तिथं नेमकी तंबूची खुंटी ठोकलेली होती. आपल्याआधी एक झाली होती आणि ती गेली, एवढंच ज्ञानेशला ठाऊक होतं, जागा ठाऊक नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, खुंटी हलवून हलवून काढली, भोकात माती लोटली आणि ती बराच वेळ तळहाताने दाबत राहिला. मला माहीत असतं तर इथं कुणाला पाय ठेवू दिला नसता, लोक इथं गाणी लावून नाचतात, असं तो चाचरत म्हणाला. सरुबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नाचेनात का, त्या म्हणाल्या, पोरीला तेवढीच सोबत झाली.

मग त्या खाली बसल्या आणि नवऱ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तोंड कुनीकडं केलं व्हतं?"

याचं उत्तर धर्माजींपाशी खरं होतं. "घराकडं," ते म्हणाले.

सरुबाईंनी घर होतं त्या बाजूला पाहिलं. तिकडे पाणीच पाणी होतं. त्यांनी पिशवीतून डबा काढला. सकाळी उठून त्यांनी घुगऱ्या शिजवल्या होत्या. त्या मूठभर जमिनीवर ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि मग कुशीवर लवंडून मातीला तोंड लावून त्यांनी कुर्रर्र केलं. पुढं काहीतरी पुटपुटल्या. धर्माजी चार पावलांवर उभे होते, त्यांना ते ऐकू आलं नाही. सरुबाई उठल्या तेव्हा त्यांच्या ओठांना माती लागली होती.

ज्ञानेश म्हणाला, पुढच्या खेपेला विटा-सिमेंट आणतो, इथं छोटासा चौथरा बांधू, तेजलला घेऊन येत जाऊ.

"चौथरा नको," धर्माजी म्हणाले. आवाज एवढा चढला की मायलेक दोघंही दचकले.

"का नको?" सरुबाई म्हणाल्या. "त्याची बहीन हाय. बांधू दे त्याला."

धर्माजींनी नुसतं बोट दाखवलं होतं, आणि आता त्या बोटाखाली सिमेंट पडणार होतं. नात मोठी होऊन तिथं फुलं वाहणार होती. आणि त्यांची पोर खाली गाळात, उंबराच्या मुळांशी, घराकडे तोंड करून पडलेली. तिच्या वाट्याला घुगऱ्याही आल्या नाहीत आणि नावही नाही.

सरुबाईंनी तंबू सरकवून त्या जागेला लागून घेतला. तीन दगडांवर त्यांनी भाकऱ्या भाजल्या, तिघं जेवले, आणि दिवेलागणीलाच त्या आत जाऊन त्या बाजूला आडव्या झाल्या. कापडाखालून हात बाहेर काढून तो मातीवर ठेवून त्या झोपल्या. झोपल्या त्या अशा की धर्माजींनी दोनदा वाकून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. लग्नाची बायको, पण अशी गाढ झोपलेली त्यांनी तिला चौतीस वर्षांत पाहिली नव्हती. पहाटे ज्ञानेश उठला तेव्हा आबा विझलेल्या चुलीपाशी बसलेले होते. झोप आली नाही का, त्याने विचारलं. जागा नवी आहे ना, ते म्हणाले.

परत निघायला सूर्य वर आला. आता ऊब होती, पाण्यावरची वाफ निवळली होती. सरुबाई होडीत बेटाकडे तोंड करून बसल्या आणि हिरडा दिसेनासा होईस्तोवर बघायचं असं ठरवल्यासारख्या बघत राहिल्या. कितीतरी हलक्या झाल्या होत्या त्या. त्यांनी अनिताला काय काय सांगायचं ते ज्ञानेशला सांगितलं, मंजुळाबाईंसाठी चार हिरडे उचलून आणलेत ते दाखवले.

धर्माजी पुढं बसले होते. पूर्वेची खिंड आणि माळाची सोंड एका रेषेत आली की खाली ओढ्याचा उंबर, हे आंबोडीतल्या कुठल्याही गुराख्याला झोपेतही सांगता आलं असतं. काल येताना ती रेषा ओलांडून जाईपर्यंत ते होडीच्या तळाकडेच बघत बसले होते. आज ते डोळे उघडे ठेवून बसले. खिंड हळूहळू सरकत होती.

"नाव काय ठिवलंस?" त्यांनी विचारलं.

"आता इचारताय व्हय." सरुबाई हसल्या. "कस्तुरा. माज्या आज्जीचं. पोटात व्हती तवाच ठरवलं व्हतं."

खिंड सोंडेच्या मागे आली.

"ज्ञानू," धर्माजी म्हणाले, "वल्ही धर जरा."

होडी थांबली. धर्माजी कडेवरून वाकले. आणखी वाकले, एवढे की होडी एका अंगाला कलली आणि ज्ञानेशला दुसरीकडे भार द्यावा लागला. त्यांचे ओठ पाण्याला टेकले. त्यांनी कुर्रर्र केलं. मग नाव सांगितलं.

सरुबाईंनी मागून त्यांचा सदरा धरला. "पानी गार हाय," त्या म्हणाल्या. "घसा धरंल. बाटली हाय की माज्यापाशी."

धर्माजींनी नाव आणखी एकदा सांगितलं. खोल होतं, एकदा ऐकू गेलं नसेल म्हणून. मग ते सरळ बसले आणि त्यांनी ज्ञानेशला हाताने चल म्हणून खुणावलं. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. सरुबाईंनी पदराचं टोक ओढून ते पुसून दिलं.