चौदा इंची चाकं

"ही सतरा इंची काढा आणि मूळची चौदा इंची बसवा," हिरागासान तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा कुसाकाबेचा संशय पक्का झाला.

जपानमधल्या उएदा गावात टायर बसवण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. स्पोर्ट्स कारवाला आला की मोठं चाक, रुंद टायर मागणारच. मग टायर मडगार्डबाहेर येईल, तपासणीत अडकाल, असं सांगून त्याला आवरावं लागायचं. इथे सगळं उलटं. पंचाहत्तरीचा माणूस, लाल रंगाची जुनी दोन आसनी गाडी, महागाची चकचकीत चाकं, आणि यांना हवीत अरुंद. चाकं वेगळी आणि गाडी वेगळी विकायचा बेत असेल? की गाडीच दुसऱ्याची?

त्याने कागदपत्रं मागितली. नाव हिरागांचंच होतं, पस्तीस वर्षांपासून. कामाच्या कागदावर मात्र त्यांनी डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात. उजवा हात कोटाच्या खिशातच होता.

कुसाकाबेने मधला मार्ग सुचवला. पंधरा इंची घ्या, एकशे पंच्याण्णव मिलिमीटर रुंदीचा टायर. बाहेरचा घेर मूळच्याएवढाच राहतो, वेगाचा काटा खोटं बोलत नाही, वळणावर पकडही राहते. हिरागांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "स्टिअरिंग सगळ्यात हलकं कशावर लागेल?"

असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

गाडी वर उचलली तर डावीकडच्या पुढच्या चाकाची कड खरवडलेली. ओरखडा ताजा होता. टायरच्या कुशीलाही काप गेलेला. हे कशाने झालं म्हणून विचारल्यावर हिरागासान खिडकीबाहेर बघत म्हणाले, कोणीतरी घासली असेल. फुटपाथची कड गाडीजवळ चालत येत नाही, हे कुसाकाबेच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. एकशे पंच्याऐंशीचे टायर चढवलेली चौदा इंची चाकं बसवून झाल्यावर तो म्हणाला, "मी सोबत एक फेरी मारतो. आमच्याकडे पद्धत आहे." अशी काही पद्धत नव्हती.

बाजारपेठेतून गाडी नीट गेली. हिरागासान सरळ रस्त्यावर झकास चालवत होते. गिअर टाकण्यात जुनी सफाई होती. पुलाअलीकडच्या डाव्या वळणावर मात्र त्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि परक्या वस्तूसारखा मांडीवर पडला. समोर कांद्याच्या पातीच्या जुड्यांची ढकलगाडी घेऊन एक बाई चालली होती. कुसाकाबेने झडप घालून स्टिअरिंग ओढलं. गाडी थांबली, बंद पडली. बाईने मागे वळून पाहिलं, किंचित वाकली आणि पुढे निघून गेली.

कुसाकाबेने हँडब्रेक ओढला.

"मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन गेला," हिरागासान म्हणाले. "मुलीला वाटतं, गाडी नुसती उभी असते."

"हं."

"मला वाटलं, टायर रुंद आहेत म्हणून जड जातं."

"टायरचा दोष नाही, हिरागासान."

"नाही ना?"

"नाही."

सकाळपासून या माणसाला पकडायचंच, म्हणून कुसाकाबे टपून बसला होता. आता पकडलं, तर त्याला त्यांच्याकडे बघवेना.

हिरागासान स्वतःच उतरले. आधार न घेता गाडीला वळसा घालून आले आणि कुसाकाबे बाहेर पडेपर्यंत दार धरून उभे राहिले. मग पस्तीस वर्षांत पहिल्यांदा आपल्याच गाडीत डाव्या बाजूला बसले. पट्टा त्यांनी एका हाताने लावला. वेळ लागला, तोवर कुसाकाबे थांबला. घर कुठे ते त्यांनी सांगितलं. पलीकडच्या काठाने तीन किलोमीटर.

पूल ओलांडल्यावर ते एकदम म्हणाले, "इथून नदी दिसते."

चिकुमाचं पाणी उथळ होतं, गोट्यांवरून चमकत चाललेलं.

"बायको दर वेळी म्हणायची, बघा, बघा. मी कुठला बघतोय. माझं लक्ष वळणावर."

कुसाकाबेने आरशात पाहिलं. मागची गाडी पुढे जाऊ दिली आणि त्याने वेग आणखी कमी केला.