ओमेश्वरी मॅडमचा शेवटचा पाठ

मित्रांनो, वर्गाच्या भिंतीवर ऐटीत बसलेला फळा तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याचा गरीब भाऊ, गुंडाळी फळा. काळं रंगवलेलं जाड कापड, वर एक दांडी, खाली एक दांडी आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा संसार. डी.एड. करणारी मुलं सराव पाठ घ्यायला आम्हाला काखोटीला मारून शाळाशाळांत नेतात. पाठ संपले की बहुतेक जण आम्हाला माळ्यावर टाकून देतात.

माझं नशीब बरं होतं. गोंदियाच्या बाजारातून मला ओमेश्वरीने घेतलं, फुलचूरच्या उदेलालजींच्या थोरल्या मुलीने. तिचा पहिला पाठ दुसरीच्या वर्गावर होता, हातच्याची वजाबाकी. भीतीने खडू दोनदा मोडला, पण मुलांना वजाबाकी आली! परीक्षक मॅडमनी शेरा लिहिला, 'ही मुलगी जात्याच शिक्षिका आहे.' तेव्हा मीही फुशारलो. आता जन्मभर शाळेतच राहायचं, असं धरून चाललो.

शाळा काही मिळाली नाही. शिक्षक भरती दोनदा निघाली, दोन्ही वेळा यादीत तिचं नाव नव्हतं. मग ती घरच्या ओसरीत मला खिळ्याला टांगून शेजारपाजारची पोरं शिकवू लागली. अशी सात वर्षं गेली. माझा काळा रंग उडाला की ती नवा लावायची. पुन्हा उडाला, पुन्हा लावला. फळ्यावर एवढी माया कोण करतं हो?

यंदा उन्हाळ्यात नियुक्तीपत्र आलं, पण ते रेल्वेचं. धाकटा भाऊ टिकेशने स्वतःबरोबर तिचाही फॉर्म भरला होता. तो राहिला, ही लागली. काम ट्रॅकमनचं, दरेकसा स्टेशनाकडे. रुळावरून मैलोन् मैल चालायचं आणि सैल झालेले जोड हातोड्याने ठोकून घट्ट करायचे. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं.

"सरकारी नोकरी चालून आली न तू कायले रडून राहिली?" तिची आई, शांतीबाई, म्हणाली.

ओमेश्वरीला भांडता येत नसे. समजावून सांगायची एकच रीत तिला ठाऊक होती. एका संध्याकाळी तिने आईबाबांना सतरंजीवर बसवलं आणि माझ्यावर रीतसर लिहिलं, 'घटक : मला ही नोकरी का नको.' खाली एकेक मुद्दा, शेवटचा, 'शिक्षक भरतीची वाट बघेन.' मित्रांनो, सात वर्षांत तिने इतका सुंदर पाठ घेतला नव्हता. आवाज एकदाही कापला नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो!

तेवढ्यात चौथी शिकलेल्या उदेलालजींनी, पोरं करतात तसा, हात वर केला.

"मॅडम, एक इचारू का?"

त्यांनी लेकीला मॅडम म्हटलं ते पहिल्यांदाच. त्यात थट्टा नव्हती.

"भरती आता कवा निघन? अन् निघाली, त तुमचं नाव लागनच, हे कोन सांगन?"

उत्तर माहीत नसेल तर थाप मारू नये, उद्या सांगते म्हणावं, असं डी.एड.ला शिकवतात. ओमेश्वरी माझ्याकडे वळली. तिचे डोळे फक्त मला दिसत होते.

"उद्या सांगीन, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि सांगितलं, "मी जाईन, बाबा." उदेलालजी उगाच गोठ्याकडे गेले आणि तिथेच बसून राहिले. त्या दिवशी आलेल्या पोरांना तिने गृहपाठ दिला नाही.

आता मी माळ्यावर आहे. आधी तिच्यावर रुसलो होतो, खोटं कशाला बोलू? पण मागच्या रविवारी ती घरी आली, तिने मला खाली काढून उलगडलं. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. खडू उचलला, थोडा वेळ धरला, आणि काहीच न लिहिता खाली ठेवला. माझा रुसवा तिथेच संपला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगायला हवं. माझं राहू द्या, मला कसर लागली तरी चालेल. पण अशी कुणी सुट्टीला घरी आलेली दिसली, तर पगार किती म्हणून विचारू नका. वही घेऊन जा आणि म्हणा, 'मॅडम, हे गणित अडलं.' अडलं नसलं तरी म्हणा.